घुबड कुठे दिसलं ते सांगायचं नाही

टोरांटो, २२ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

फोन रोज होतो, पण त्यात आई "जेवलीस का" विचारते आणि बाबा "ठेव आता, उगाच बिल येईल" म्हणतात. म्हणून जरा सविस्तर लिहायला बसले.

आधी थंडीचं. आई, टीव्हीवर दाखवलं ते वादळ खरं, पण मी त्या दिवशी घरातच होते. कुंदेवाडीचा पारा पाचावर आला की अख्खं निफाड द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून जागतं. इथे उणे पंधरात लोक निवांत कुत्री फिरवतात. अंगावर तीन थर असतात, हातमोज्यांत हातमोजे असतात. आणि गोठलेल्या तळ्यावर मी चालत नाही. हे तळं म्हणजे ऑन्टारिओ सरोवर, सगळ्यात खोल जागी २४४ मीटर, ते सहसा पुरतं गोठतच नाही. काठाला बर्फ, पुढे मोकळं पाणी. बदकं येतात ती त्यासाठीच.

दुसरं, पहाटे पक्षी बघायला एकटी जात नाही. आमचा पाच जणांचा गट आहे. त्यातल्या एक बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका आहेत. माझी टोपी कानावर नीट आहे का, हे त्या, आई, तुझ्यापेक्षा जास्त बघतात.

जातो ते लेस्ली स्ट्रीट स्पिटला. शहरातल्या पाडलेल्या इमारतींचा राडारोडा वर्षानुवर्षं सरोवरात टाकून पाच किलोमीटर लांब जमीन तयार झाली आहे. काठाला विटा पडलेल्या असतात, लाटांनी कोपरे झिजून गोल झालेल्या, मधूनच गंजक्या सळया. बाबा म्हणतील, हे बघायला कॅनडाला गेलीस? पण पलीकडे पाण्यात लांब शेपटीची बदकं असतात, शेकड्यांनी. नराचं डोकं पांढरं, गालावर तपकिरी डाग, काळ्या चोचीवर गुलाबी पट्टा. आणि कलकलाट एवढा, की लग्नघर बरं. उत्तर ध्रुवाकडची ही बदकं. इथली हवा त्यांना उबदार वाटते म्हणून हिवाळ्याला येतात. यावरून तरी थंडीचं मनावर घेऊ नका.

आता घुबडाचं, कारण आई त्या फोटोवरून फारच घाबरलीस. अगं, ते बर्फातलं पांढरं घुबड, आर्क्टिकमधून आलेलं. अपशकुन वगैरे काही नाही. शिवाय लक्ष्मीचं वाहनच ना ते? खरी गंमत पुढे आहे. इथे एरवी कुणीही कुठला पक्षी कुठे दिसला ते अनोळखी माणसालाही उत्साहाने सांगतं. कुठलं झाड, कितवी फांदी, सगळं. पण घुबड म्हटलं की तोंडाला कुलूप. पहिल्यांदा मी वाटेत एका माणसाला सहज विचारलं, घुबड दिसलं का? तो म्हणाला, "आज वारा फार आहे," आणि चालू लागला. मला वाटलं, आपल्या रंगामुळे. बाईंनी नंतर समजावलं. जागा फुटली की तासाभरात कॅमेरेवाले जमतात, जवळ जवळ सरकतात, आणि दिवसा विसावलेलं ते घुबड पुन्हा पुन्हा उडतं. इतक्या लांबून आलेलं, कधी उपाशी. त्याची ताकद त्यातच जाते. काही जण तर दुकानातून पांढरे उंदीर विकत आणून समोर सोडतात, झेप घेतानाचा फोटो मिळावा म्हणून! त्यामुळे आता मीही वाऱ्याबद्दल बोलते. फोटोच्या मागे टॉवर दिसून जागा ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम कापून पाठवला होता, तुमच्यापासून लपवायचं म्हणून नव्हे. तो आत्याच्या ग्रुपवर टाकलात तरी चालेल.

तिकडे नांदूरमधमेश्वर अभयारण्यातले पाहुणे पक्षी आता निघायच्या तयारीत असतील. बाबा, चापडगावच्या मनोऱ्यावर या वर्षी गेलात की नाही? थापट्या बदक इथेही आहे, तीच फावड्यासारखी चोच. आमचे पाहुणे मात्र यायचेत. मार्चच्या सुरुवातीला पाणकणसांवर काळा लालखांद्या पक्षी येईल, आधी फक्त नर, जागा धरायला. खरी धमाल मेमध्ये. वार्बलर म्हणून दहा-दहा ग्रॅमचे जीव, पिवळे, निळे, केशरी, रात्री उडत दक्षिणेकडून येतात. इथून चार तासांवर पॉइंट पेली म्हणून निमुळतं टोक आहे. एरी सरोवर ओलांडून दमलेले पक्षी तिथे उतरतात, कधी अगदी हाताच्या अंतरावर. मेचे पहिले दोन-तीन आठवडे, मग संपलं. गटाने तिथून जवळ लीमिंग्टनला खोल्याही घेऊन ठेवल्यात.

धाकट्याच्या लग्नाचं कळलं, फार आनंद झाला. १७ मेला अधिक महिना लागतो म्हणून त्याच्या आतच उरकायचं, तेही पटतं. फक्त मेच्या दुसऱ्या आठवड्यात रजेचं जरा अवघड आहे. म्हणजे मिळेल, मागितली तर. गुरुजींना एप्रिलातलं काही निघतं का, एवढं विचारून बघा. खरड छाटणी असते, मजूर मिळत नाहीत, सगळं माहीत आहे. नसेलच निघत तर मी येणारच, येत नाही असं मी म्हटलेलंच नाही. करवली दुसरी कोण होणार? खोलीचे पैसे गेले तर गेले, फार नाहीत.

सोसायटीच्या हप्त्याचे या महिन्यात थोडे कमी पाठवते आहे, मार्चअखेरच्या आत उरलेले येतील. दुर्बिणीमुळे नव्हे, ती जुनीच घेतली. द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याकडून रोख किंवा खात्यावर घ्या, पुढच्या तारखेचा चेक नको.

न्यू जर्सीच्या मुलाचा बायोडेटा वाचला. बरा वाटतो. फोन मी करेन, तुम्ही त्याच्या आईला तारीख देऊ नका.

तुमची,
मनू

ता. क. बाबांच्या मोतीबिंदूसाठीचे पैसे वेगळे पाठवलेत. ते हॉलच्या ॲडव्हान्सला वापरायचे नाहीत. आई, लक्ष ठेव.