दहा मिनिटे थांबलेल्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

आईच्या उजव्या डोळ्याची पट्टी सुटून आज बारा दिवस झाले. तपासणीला आलो तेव्हा तुमच्यासमोर माझा गळा दाटून आला आणि 'थँक्यू' एवढेच कसेबसे पुटपुटून मी बाहेर पडलो. म्हणून हे पत्र.

आईचे उभे आयुष्य सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात, खुरपणी-काढणीत गेले. नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर चढत आलेला मांसल पडदा, ज्याला तुम्ही टेरिजियम म्हणालात, दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी काढून घेतला होता. तिथे पडदा कापून जागा तशीच उघडी सोडली, आणि पाच महिन्यांत तो पहिल्यापेक्षा जाड होऊन परत आला. विचारायला गेलो तर "उन्हात जाऊ नका म्हणून सांगितलं होतं ना," एवढे ऐकवून आमची बोळवण झाली. मजुरीला जाणाऱ्या बाईने उन्हात जायचे नाही तर कुठे जायचे, ते मात्र कुणी सांगितले नाही. उघड्या सोडलेल्या जागेवर पडदा पुन्हा वाढण्याचा धोका मोठा असतो, हे आम्हाला तुमच्याकडे आल्यावर कळले.

या वेळी पडदा काढून त्या जागेवर तुम्ही तिच्याच डोळ्याच्या वरच्या भागातले पातळ आवरण बसवणार होता. ते धरून ठेवायला टाके घातले तर ते टोचत राहतात. दात्यांच्या रक्तद्रवापासून केलेला तयार गोंद महाग. किंमत ऐकून माझा चेहरा उतरलेला तुम्ही पाहिला असावा, कारण लगेच म्हणालात, "गोंद मावशींच्याच रक्तात आहे." जखमेत झिरपणाऱ्या रक्तातल्या फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनाचे फायब्रिन होते आणि त्याच्या धाग्यांनी आवरण चिकटते, विळा लागल्यावर बोटाचे रक्त साकळून जखम धरते तसेच, हे तुम्ही तिला समजेल असे सांगितलेत. पहिल्या एक-दोन दिवसांत ते सरकू शकते आणि सरकलेच तर टाके घालावे लागतील, हेही लपवून ठेवले नाही.

आई हे सारे विसरली आहे. तिच्या लक्षात राहिली ती शेवटची दहा मिनिटे. रक्त साकळेपर्यंत आवरण हलक्या हाताने धरून ठेवायचे, एवढेच काम उरले होते. तोंडावर हिरवे कापड, हलायचे नाही, बोलायचे नाही, आणि ती आतून घाबरलेली. तेव्हा तुम्ही मिनिटे मोजायला लागलात. "तीन झाली, मावशी. सात राहिली." ती सांगते, सातव्यानंतर तुम्ही जरा गप्प झालात तेव्हा तिच्या पोटात गोळा आला, आणि मग "आठ" ऐकू आले. बाहेर बाकडी पेशंटांनी भरलेली होती. घाई करायला तुमच्याकडे कारणे पुष्कळ होती. रुग्णाला केसपेपरचा नंबर समजणारे लोक मी इतके पाहिले आहेत की कुणी आपल्या आईसाठी असे मोजत बसले, याचे मला अजून नवल वाटते. चांगुलपणाला बहुधा खर्च लागत नसावा, सवड मात्र काढावी लागते.

एका औषधाचा थेंब घातल्यावर दुसऱ्यासाठी पाच मिनिटे थांबायला तुम्ही सांगितले आहे. आई डोळा मिटून पडते आणि दर वेळी विचारते, "किती झाली रे?" मी सांगतो, "दोन झाली. तीन राहिली."

आपला कृतज्ञ,
मावशींचा मुलगा