नकारच द्यायचा होता, तर कारण द्यायचं होतं

मा. ली झेल्डिन यांस,
प्रशासक, पर्यावरण संरक्षण संस्था (ईपीए), वॉशिंग्टन

स.न.वि.वि.

गाड्यांच्या धुराचे स्वतःचे नियम करायची आमच्या कॅलिफोर्नियाला मिळालेली परवानगी आपण काँग्रेसकडून (म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडून) रद्द करवून घेतलीत, त्याबद्दल हे पत्र. पत्र मराठीत आहे. वाचून दाखवणारं कुणीतरी आपल्या कार्यालयात निघेलच.

गाडीचं मायलेज राज्यांनी ठरवायचं नाही, असं 1975चा केंद्रीय कायदा म्हणतो. धुराचे नियम मात्र कॅलिफोर्नियाला 1967पासून केंद्राच्या परवानगीनं स्वतः करता येतात. बाकीच्या राज्यांनी केंद्राचे घ्यायचे किंवा आमचे. माझ्या गाडीच्या बोनेटखालच्या लेबलवरसुद्धा ईपीए आणि कॅलिफोर्निया अशी दोन नावं आहेत.

सगळं राजकारण या दोन कायद्यांच्या फटीत चालतं. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघणारच. तो कमी करायचा तर पेट्रोलच कमी जाळावं लागतं. म्हणून गाड्यांच्या कार्बनवर मर्यादा घालणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या 2002च्या पॅव्हली कायद्यापासून कार कंपन्यांची ओरड आहे, की धुराच्या नावाखाली हा मायलेजचाच नियम आहे. मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण 2007 मध्ये व्हरमाँट आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या केंद्रीय न्यायालयांनी तो ऐकून घेऊन फेटाळला.

नकार आम्हाला नवा नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेव्हाचे ईपीए प्रशासक स्टीफन जॉन्सन यांनी परवानगी नाकारली. पण त्यांना कारणं द्यावी लागली. आमचे तेव्हाचे गव्हर्नर श्वार्झनेगर (आपल्याच पक्षाचे!) कोर्टात गेले आणि 2009 मध्ये निर्णय फिरला. 2019 मध्ये काढून घेतलेली परवानगीही 2022 मध्ये परत मिळाली.

आपण भलतीच वाट काढलीत. फेब्रुवारी 2025 मध्ये आम्हाला आधीच मिळालेल्या तीन परवानग्या ‘नियम’ म्हणून काँग्रेसकडे धाडल्यात. हे नियम नव्हेत, असं काँग्रेसचंच लेखापरीक्षण कार्यालय सांगत होतं, सिनेटच्या पार्लमेंटेरियनचंही (सभागृहाच्या नियमांच्या सल्लागाराचंही) तेच मत होतं. तरी मे महिन्यात कारच्या परवानगीविरुद्धचा ठराव 51 विरुद्ध 44 मतांनी रेटला गेला आणि 12 जूनला तिन्ही ठरावांवर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. या वाटेनं गेलेली परवानगी पुढच्या प्रशासकाला नवा कायदा झाल्याशिवाय तशीच परत देता येत नाही. म्हणजे नुसता नकार नाही, दाराला कुलूपच. राज्यांच्या हक्कांचं एरवीचं तुमचं भाषण इथे कुठे गेलं? आपण ज्या न्यूयॉर्कचे खासदार होता, तेही आमचेच नियम पाळत होतं.

कॅलिफोर्निया आणि आणखी दहा राज्यं कोर्टात गेली आहेत, तिथलं तिथे होईल. आमच्या हवेला वेगळ्या नियमांची गरज उरलेली नाही असं आपलं खरंच मत असेल, तर स्वच्छ हवा कायद्याच्या कलम 209 प्रमाणे जाहीर सुनावणी ठेवा. आमच्या धुरकटलेल्या फ्रेस्नोला किंवा रिव्हरसाइडला ठेवा, आणि ऑगस्टमध्ये.

आपला,
कॅलिफोर्नियातला एक मराठी वाहनचालक