दंडाचा निर्णय व्यापारी बोलण्यांच्या टेबलावर होऊ नये

महोदय,

युरोपीय महासंघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाने अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्यांना केलेल्या दंडाच्या बातम्या आपल्याकडे बहुधा आयातशुल्काच्या बातम्यांना लागून छापल्या जातात. त्यामुळे हा अमेरिका आणि युरोप यांच्यातील शुल्कयुद्धाचाच एक भाग आहे, असा वाचकाचा समज होतो. मी पुण्यात गेली बावीस वर्षे लहान व्यावसायिकांचे हिशेब तपासतो आहे. हा समज चुकीचा आहे आणि तो आपल्यालाही महागात पडू शकतो, असे मला वाटते, म्हणून हे पत्र.

मक्तेदारीचा गैरवापर आणि कंपन्यांमधील संगनमत यांना मनाई करणारी युरोपीय कलमे १९५७ च्या रोम करारात आली, तेव्हा इंटरनेटचा मागमूसही नव्हता. २०१६ मध्ये याच कायद्याखाली डाइमलर, व्होल्वो, इवेको आणि डॅफ या युरोपातीलच ट्रक उत्पादकांना १४ वर्षे चाललेल्या संगनमताबद्दल २.९३ अब्ज युरोंचा दंड झाला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलला ऑनलाइन जाहिरातींच्या बाजारातील वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल झालेला दंड २.९५ अब्ज युरोंचा आहे, म्हणजे जवळपास तेवढाच. २०१९ मध्ये सीमेन्स आणि आल्स्टॉम यांच्या रेल्वे व्यवसायांचे विलीनीकरण आयोगाच्या तत्कालीन स्पर्धा आयुक्त मार्ग्रेथ वेस्टागर यांनी रोखले, तेव्हा जर्मनी आणि फ्रान्स या दोन्ही बलाढ्य सरकारांचा रोष आयोगाने पत्करला होता. हा कायदा केवळ परक्या कंपन्यांना छळण्यासाठी आहे, हा आरोप या नोंदींपुढे टिकत नाही.

तरीही गूगलवरील दंड जाहीर झाला त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी परदेशांवर प्रत्युत्तरादाखल शुल्क लादू देणाऱ्या, अमेरिकी व्यापार कायद्याच्या कलम ३०१ खाली कारवाईची धमकी दिली. त्याआधी एप्रिलमध्ये, बड्या डिजिटल कंपन्यांसाठीच्या डिजिटल मार्केट्स ॲक्ट या नव्या युरोपीय कायद्याखालील पहिल्या दंडांत ॲपलला ५० कोटी आणि फेसबुकची मालक कंपनी मेटाला २० कोटी युरो भरण्याचा आदेश झाला. हा कायदा जागतिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड करू देतो. त्या मर्यादेच्या मानाने या रकमा किरकोळ आहेत, आणि त्या ठरत असताना व्यापार कराराची चिंता कोणाच्याच मनात नसेल, यावर विश्वास ठेवणे मला कठीण जाते. मुळात अडचण रचनेतच आहे. चौकशी करणारा, दोषी ठरवणारा आणि दंड आकारणारा युरोपीय आयोगच अमेरिकेशी शुल्काच्या वाटाघाटीही करतो. आजच्या स्पर्धा आयुक्त तेरेसा रिबेरा कितीही ठाम असल्या, तरी अंतिम निर्णय सत्तावीस आयुक्तांच्या मंडळाचा असतो. युरोपीय न्यायालये मात्र या दडपणापासून दूर आहेत आणि ती आयोगाचीही गय करत नाहीत: सप्टेंबर २०२४ मध्ये गूगलवरील २.४२ अब्ज युरोंचा जुना दंड सर्वोच्च पातळीवर कायम झाला आणि त्याच महिन्यात दुसऱ्या प्रकरणातील १.४९ अब्ज युरोंचा दंड कनिष्ठ न्यायालयाने रद्द केला.

या २.४२ अब्ज युरोंच्या प्रकरणाचा इतिहास सविस्तर पाहण्यासारखा आहे. किमतींची तुलना करून देणारे एक संकेतस्थळ इंग्लंडमधील एका दांपत्याने २००६ मध्ये सुरू केले. थोड्याच दिवसांत ते गूगलच्या शोधनिकालांत इतके खाली ढकलले गेले की ग्राहकाला ते सापडेनासे झाले. २००९ मध्ये त्यांनी आयोगाकडे तक्रार केली, २०१० मध्ये औपचारिक चौकशी सुरू झाली, २०१७ मध्ये दंड झाला आणि अंतिम निकाल लागला २०२४ मध्ये. संकेतस्थळ २०१६ मध्येच बंद पडले होते आणि दंडाची रक्कम तक्रारदाराला नव्हे, तर युरोपीय अर्थसंकल्पात जाते. कंपन्यांनी काय करू नये हे आधीच सांगणारा डिजिटल मार्केट्स ॲक्ट युरोपने आणला, तो अशाच अनुभवांमुळे.

ही गोष्ट मला परकी वाटत नाही. नारायण पेठेत खानावळ चालवणाऱ्या माझ्या एका क्लायंट काकू महिनाअखेरीस वही घेऊन येतात. एका रकान्यात जेवण घरपोच देणाऱ्या ॲपवर दिसणारी थाळीची किंमत, दुसऱ्यात बँकेत जमा झालेली रक्कम. मध्ये कमिशन, कमिशनवरचा जीएसटी, जाहिरातीचा खर्च आणि त्यांना न विचारता दिलेल्या सवलतीतला त्यांचा वाटा. गेल्या पावसाळ्यात त्यांनी जाहिरात बंद करून पाहिली, तर खानावळ यादीत इतकी खाली गेली की नाव टाइप केल्याशिवाय दिसेना. रोज जेवण मागवणारे गिऱ्हाईक कोण आहे, हेही त्यांना कळत नाही. "मी भाडं कुणाला भरते, दुकानाच्या मालकाला की यांना?" असे त्यांनी मला विचारले. स्वतःच्या सेवेला झुकते माप देऊ नये आणि व्यावसायिकाच्या व्यवहारातून निर्माण झालेली माहिती त्याला मिळावी, ही दोन्ही बंधने युरोपच्या कायद्याने बड्या कंपन्यांवर घातली आहेत.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोग निष्क्रिय आहे, असे कोणी म्हणू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने अँड्रॉइड प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि वृत्तसंस्थांच्या जाहिरात उत्पन्नाबाबतच्या तक्रारीवर त्याच वर्षी चौकशीचा आदेश दिला. वृत्तपत्रांच्या मजकुरावर कृत्रिम बुद्धिमत्तेची उत्तरे बेतली जातात, त्याची चौकशी युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये उघडली. तो प्रश्न आपल्या दैनिकाचाही आहेच. पण २००२ चा आपला स्पर्धा कायदा प्रामुख्याने नुकसान झाल्यानंतरच जागा होतो. संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२२ मध्ये डिजिटल बाजारासाठी आधीच बंधने घालणारा कायदा सुचवला, मार्च २०२४ मध्ये विधेयकाचा मसुदाही प्रसिद्ध झाला. त्याचा कायदा मात्र अद्याप झालेला नाही. नवउद्योगांवर अनावश्यक ओझे पडेल, हा त्यावरचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, परंतु उलाढालीच्या आणि वापरकर्त्यांच्या मर्यादा नीट ठरवून त्याचे निराकरण करता येते. अमेरिकेशी व्यापाराची बोलणी आपणही करतो, आणि त्या बोलण्यांत हा मसुदा मुकाट्याने मागे पडावा, हे मला मान्य नाही.

पुणे परिसरातून निवडून गेलेल्या खासदारांनी येत्या अधिवेशनात कंपनी व्यवहार मंत्रालयाला दोन प्रश्न विचारावेत, ही माझी विनंती आहे: विधेयकाचा मसुदा आज कोणत्या टप्प्यावर आहे, आणि कोणत्याही देशाबरोबरच्या व्यापारी वाटाघाटींत त्याचा विषय निघाला आहे का? मिळालेले उत्तर आपण छापावे. काकूंसाठी त्याचे कात्रण मी काढून ठेवीन.

— एक सनदी लेखापाल, पुणे