ध्यानाने वाफा थांबत नाहीत, जाच कमी होतो

मा. संपादक,

१८ ऑक्टोबरचा जागतिक रजोनिवृत्ती दिन जवळ आला की पुरवण्यांतून एक सल्ला हमखास वाचायला मिळतो: ध्यान करा, अंगातून निघणाऱ्या वाफा, म्हणजे एकाएकी अंग तापून घाम सुटणे (हॉट फ्लॅश), थांबतील. त्या थांबत नाहीत. मग दोन-तीन आठवडे नेमाने बसलेली बाई ‘मलाच जमत नाही’ म्हणून सराव सोडते, आणि खरोखर उपयोगी पडणारी गोष्ट हातची जाते.

पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी झाले की मेंदूतले तापमान सांभाळणारे केंद्र हळवे होते. अंग किंचित तापले तरी ते घाम सोडते. श्वासाकडे लक्ष देऊन हे बदलत नाही. अमेरिकेत ११० स्त्रियांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८ आठवड्यांच्या माइंडफुलनेस (या क्षणी जे जाणवते त्याकडे लक्ष देण्याचे ध्यान) वर्गानंतर वाफांच्या तीव्रतेत वर्ग न केलेल्या स्त्रियांच्या तुलनेत ठळक फरक दिसला नाही. वाफांचा जाच मात्र कमी झाला, झोप सुधारली, धास्ती उतरली. रजोनिवृत्तीवर काम करणाऱ्या तिथल्या मेनोपॉज सोसायटी या तज्ज्ञ संस्थेनेही २०२३ मध्ये वाफांवरचा उपचार म्हणून माइंडफुलनेसची शिफारस केलेली नाही. म्हणून वहीत दोन रकाने आखावेत: वाफ किती वेळा आली, आणि तिने किती छळले, ० ते १०. फरक पडलाच तर तो बहुधा दुसऱ्या रकान्यात दिसेल.

सराव वाफ नसताना करायचा, रोज १० मिनिटे. खुर्चीत पाठ टेकून, पावले जमिनीवर. नाकाने ४ मोजेपर्यंत श्वास आत, ६ मोजेपर्यंत बाहेर. रोखून धरायचा नाही. मन कुकरच्या शिट्टीकडे गेले तर परत आणायचे, ते परत आणणे हाच सराव. बहुतेकींची चूक होते ती जोरजोरात खोल श्वास घेण्यात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि वाफच वाढली असे वाटून जीव आणखी घाबरा होतो.

वाफेची चाहूल छातीतून मानेकडे चढणाऱ्या उबेने लागते. ओट्यापाशी असाल तर आधी गॅस बंद करा. डोळे उघडेच ठेवा. खांदे आणि आवळलेले दात सैल सोडा. मग जे जाणवते त्याला मनात नाव द्या: ‘मानेवर ऊब’, ‘ओठावर घाम’, ‘ठोके जोरात’. बहुतेक वाफा १ ते ५ मिनिटांत ओसरतात. खरा छळ मांडतो तो ‘सगळे माझ्याकडेच बघताहेत’ हा विचार. त्यालाही ‘विचार’ म्हणा आणि पुन्हा मानेकडे या. घाम खुशाल पुसा, पंखा लावा. सहन करण्याची ही परीक्षा नव्हे.

रात्री घामाने जाग आली तर मोबाइल हाती घेऊ नका. कपडे बदला, उशी उलटी करा, आडवे होऊन पायाच्या अंगठ्यापासून वर एकेका अवयवाकडे लक्ष न्या. झोप आणण्यासाठी म्हणून हे केले की झोप पळते. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद दिव्यात बसा. डोळे मिटल्यावर जुने आघात वर येत असतील तर डोळे उघडे ठेवून आवाजांकडे लक्ष द्यावे. झोपच उडालेल्या बाईने सुरुवातीलाच दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाऊ नये, असे आम्हाला वाटते.

काही तक्रारी मात्र थेट डॉक्टरांकडे न्यायच्या. पाळी जाऊन १२ महिने झाल्यावर रक्ताचा एक डागही. धडधडीसोबत वजन उतरणे आणि हात थरथरणे, कारण तो थायरॉइड असू शकतो. चाळिशीच्या आत गेलेली पाळी. वाफांवर सर्वांत प्रभावी उपचार हार्मोनचाच आहे. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून १० वर्षांच्या आत असलेल्या स्त्रीने त्याविषयी जरूर विचारावे. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर ते आधी सांगावे.

बीड जिल्ह्यात तरुणपणीच गर्भाशय काढलेल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशयेही काढली असतील तर वाफा एकदम आणि जोरात सुरू होतात, हाडे लवकर ठिसूळ होतात. अशा बाईला श्वास मोजायला सांगून परत पाठवणे हा अन्याय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत चाळिशीपुढच्या आणि गर्भाशय काढलेल्या प्रत्येक स्त्रीला वाफा, झोप आणि रक्तस्राव यांबद्दल विचारले जावे, आणि गरज असेल तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे लेखी चिठ्ठी देऊन पाठवावे.

– स्त्री-आरोग्य समुपदेशक, सातारा