वडील यादीत, आई नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकीनंतर मतदारयाद्यांमधल्या घोळाबद्दल आपल्या पत्रव्यवहारात बरंच छापून आलं. त्यात माझीही एक भर. फक्त यातला निम्मा दोष माझ्याच पदरात आहे, म्हणून लिहायला इतके दिवस लावले.

आमची लालबागची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी केली, तेव्हापासून आम्ही मुलुंडला भाड्याने राहतो. १५ जानेवारीला सकाळीच आईला घेऊन स्लो लोकलने करी रोडला उतरलो. आई ८१ वर्षांची. १९६७ साली, मतदानाचं वय २१ होतं तेव्हा, तिने पहिलं मत दिलं. तेव्हापासून एकही निवडणूक चुकवलेली नाही. शाळेबाहेर टेबल टाकून बसलेल्या पोराने यादीवरून बोट खाली नेलं. माझं नाव सापडलं. त्याच्याच वर वडिलांचं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. आईचं नाव मात्र कुठेच नाही. पोराने दोन्ही भाग पुन्हा चाळले, मोबाइलवर पाहिलं, शेवटी मान हलवली. आई एवढंच म्हणाली, "बघ, ह्यांना अजून चाळ सोडवत नाही."

ओळखपत्र तिच्या पिशवीतच होतं. उपयोग शून्य, कारण मत यादीतल्या नावाला असतं, कार्डाला नव्हे. आपल्या नावावर दुसरंच कोणी मत टाकून गेलं असेल तर प्रदत्त मत, म्हणजे वेगळ्या मतपत्रिकेवर द्यायचं मत, मागता येतं. नावच नसेल तर केंद्राध्यक्षाच्या हातात काहीच नसतं. मी मत दिलं, आई बाकावर बसून राहिली.

तिचं नाव कोणी आणि का काढलं, याचं उत्तर मला संबंधित कचेरीत अजून मिळालेलं नाही. ते मिळालंच पाहिजे. पण वडिलांचं नाव राहिलं कसं, याचं उत्तर मला कोणाकडे मागायची गरज नाही. त्यांचा मृत्यूचा दाखला मी बँकेत दिला, पेन्शनसाठी दिला, रेशन दुकानात दिला, खोली आईच्या नावावर करायला दिला. नाव वगळण्याचा ७ नंबरचा फॉर्म तेवढा भरला नाही. तिथून काही मिळणार नव्हतं ना!

चाळ सोडतानाही तेच. बिल्डरचा करारनामा, भाड्याचे चेक, गॅसचा पत्ता, बँकेचं केवायसी, या सगळ्यासाठी आम्ही रांगा लावल्या. पत्ता बदलायचा ८ नंबरचा फॉर्म चाळ कमिटीच्या एकाही बैठकीत निघाला नाही. लालबाग शिवडी मतदारसंघात, मुलुंड स्वतंत्र मतदारसंघ. भाड्याच्या घरात तात्पुरते गेलेल्यांनी नाव कुठे ठेवायचं, हा प्रश्न साधा नाही. कायदा म्हणतो, तात्पुरतं बाहेर गेल्याने मूळ रहिवास सुटत नाही. पण नुसती खोली मालकीची आहे एवढ्यावर रहिवासी ठरत नाही, हेही तोच कायदा म्हणतो. तीन वर्षांचे पाच होतात तेव्हा 'तात्पुरतं' कशाला म्हणायचं? मुंबईत आज अशा किती चाळी रिकाम्या आहेत ते लालबाग-परळमधून एक फेरी मारली तरी दिसतं. करारनाम्यावर सह्या होतात त्याच दिवशी शेजारी या फॉर्मांचं एक टेबल का मांडू नये? आपल्या भागाची मतदारयादी पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला कमिटीने एक पत्र दिलं तरी पुष्कळ काम होईल.

आणखी एक. महापालिकेची यादी वेगळी बनत नाही. विधानसभेचीच यादी २२७ प्रभागांत वाटली जाते. यंदा दुबार नावांपुढे दोन तारे छापले, पण हरकतींच्या काळात प्रभाग चुकला असेल तर तो दुरुस्त होतो. नव्याने नाव चढवणं किंवा उडवणं राज्य निवडणूक आयोगाच्या हातात नसतं. ते काम आधीच, मूळ यादीत व्हायला हवं. लोकसभा-विधानसभेलाही उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीला हात लावता येत नाही. आणि आपल्याकडे 'मतदान करा'च्या फलकांचा, नटनट्यांच्या आवाहनांचा पूर येतो तो नेमका त्यानंतर. त्यातला निम्मा खर्च चार महिने आधी 'नाव बघा' सांगण्यावर झाला, तर बाकावर बसून राहणारे कमी होतील. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा वर्षातून चार तारखा १८ पूर्ण करणाऱ्यांसाठी धरल्या जातात, हे माझ्या पुतण्याला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

मार्च २०२२मध्ये मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षं या शहराला नगरसेवकच नव्हता. तेव्हा आम्ही प्रशासकाच्या नावाने बोटं मोडली, ती योग्यच होती. पण त्या चार वर्षांत आपलं नाव यादीत आहे का, हे आमच्या तीन मजल्यांपैकी एकानेही पाहिलं नाही.

गेल्या आठवड्यात आईचा ६ नंबरचा फॉर्म भरला. तो नवीन मतदारांसाठी असतो, हे कळल्यावर ती बराच वेळ हसत होती. वडिलांचा ७ नंबरचा भरून टेबलावर ठेवलाय. आई म्हणते, गणपती होऊ दे, मग दे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
लालबाग (सध्या मुक्काम मुलुंड)