हाडवैर एवढं स्वस्त करू नका

मा. संपादक,

परवा तुमच्या स्पोर्ट्सच्या पानावर हेडिंग होतं, मुंबई-चेन्नई हाडवैरी आज आमनेसामने. अहो आयपीएलमध्ये कसलं आलंय हाडवैर, मॅच संपली की हेच प्लेयर गळ्यात गळे घालून फोटो काढतात आणि पुढच्या ऑक्शनला कोण कुणाच्या टीममध्ये जाईल सांगता येत नाही, त्याला चुरस म्हणा, फार तर खुन्नस म्हणा. राजकारणात तर कहरच. शिवसेना आणि काँग्रेस म्हणे हाडवैरी, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात दोघं एकाच मंत्रिमंडळात! ठाकरे बंधूंचं पण तेच, २००६ ला मनसे निघाली तेव्हापासून तुम्ही लोकांनी केवढी शाई घालवली आणि ५ जुलै २०२५ ला वरळीत दोघं एका स्टेजवर.

खरं हाडवैर बघायचं तर आमच्याकडे बांधावर या. एकाने दरवर्षी नांगरताना वीतभर बांध कोरायचा, दुसऱ्याने बांधावरची बाभळ रातोरात पाडायची, मग मोजणी, मग कोर्ट, आणि मूळ भांडणारे दोघंही वर गेले तरी नातवंडं तारखा घेतायत. जागा जेमतेम दोन गुंठे. चुलत्याच्या घरची पत्रिका नाही, मयताला खांदा नाही, पोरं एका वर्गात असली तरी बोलायची नाहीत. सरकारला पण हे ठाऊक आहे म्हणून तर २०२३ ला सलोखा योजना काढली, तुझी जमीन माझ्या ताब्यात आणि माझी तुझ्या असं १२ वर्षं चाललं असेल तर राजीखुशीने अदलाबदलीचा दस्त करा, मुद्रांक शुल्क १००० आणि नोंदणी फी १००० रुपये, बास. पण त्यासाठी दोघांनी एका टेबलावर बसायला पाहिजे ना, तिथंच तर घोडं अडतं.

मराठीत शब्दांची काय कमी आहे का? युती फिसकटली की बेबनाव, जुन्या दोस्तांचं बिनसलं की वितुष्ट, तिकीट कापल्याचा राग मनात धरला तर आकस, आणि इलेक्शनपुरतं असेल तर सरळ ३६ चा आकडा लिहा, त्याचा ६३ कसा करायचा ते पुढाऱ्यांना बरोबर जमतं. डेस्कवरच्या पोरांना एवढं सांगा. आणि जमलं तर या सलोखा योजनेवर सविस्तर छापा, तलाठ्याच्या पंचनाम्यासाठी किती चकरा माराव्या लागतात त्यासकट.

- एक शेतकरी वाचक, बार्शी