नाताळचे वनस्पतिजन्य जेवण आपल्याच किनाऱ्यावर आहे

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

डिसेंबर उजाडला की मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत नाताळच्या पाककृती येऊ लागतात आणि अलीकडे त्यांत एखादे पान ‘व्हीगन नाताळ’ म्हणूनही असते. त्या पानाचे मी मनापासून स्वागत करते. मात्र त्यावर टोफूचा रोस्ट, बदामाच्या दुधातले सूप आणि वसईच्या बाजारात शोधूनही न मिळणारी पाकिटे एवढेच दिसते, तेव्हा वाईट वाटते. मांस, अंडी, दूध, तूप यांतले काहीही न वापरता नाताळचे भरगच्च जेवण करायला लागणारे बहुतेक सारे जिन्नस वसईपासून गोव्यापर्यंतच्या ख्रिस्ती स्वयंपाकघरांत पिढ्यान् पिढ्या आहेत, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझा जावई चार वर्षांपासून प्राणिजन्य काहीच खात नाही. पहिल्या नाताळला आम्ही त्याच्यासाठी एका बेकरीतून मुद्दाम ‘एगलेस’ केक आणला. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साहून, म्हणजे नाताळच्या प्रार्थनेहून परतल्यावर तो कापताना मुलीने विचारले तेव्हा कळले, की अंडी नसली तरी त्यात कंडेन्स्ड मिल्क आणि लोणी होते. सगळे जण केक खात असताना तो कोरा चहा घेऊन बसला. त्याने चकार शब्द काढला नाही, पण सणाच्या रात्री आपल्या घरी पाहुणा असा बाजूला पडावा, याची खंत मला आजही आहे. एगलेस, शाकाहारी आणि व्हीगन या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पाकिटावरचा हिरवा ठिपका दूध, तूप आणि मध असलेल्या पदार्थावरही असतो. व्हीगन अन्नपदार्थांसाठी केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2022 साली स्वतंत्र नियम केले आणि त्यांचे चिन्हही वेगळे आहे. सुट्ट्या केकच्या काउंटरवर मात्र दूध आहे की नाही हे विचारल्याशिवाय समजत नाही. बेकरीवाल्यांनी निदान नाताळच्या पंधरवड्यात केकसमोर घटकपदार्थांची चिठ्ठी लावावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

आता जेवणाकडे वळते. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या कॅथलिक ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत ठासून भरला जाणारा बॉटल मसाला पूर्णपणे वनस्पतिजन्य असतो. मिरच्या आणि वीसेक प्रकारचा खडा मसाला, शिवाय अनेक घरांत भाजलेले गहू आणि चण्याची डाळही त्यात असते. वसईवर 1534 ते 1739 अशी दोन शतके पोर्तुगीजांचा अंमल होता आणि त्या काळात आपल्या रश्शात व्हिनेगर व लसूण यांची जी जोडी जमली, तिच्यातूनच विंदालू आले. विंदालू एरवी मांसाचे करतात, पण त्याचा प्राण त्या आंबट वाटणात आहे. म्हणूनच मी त्यात मांसाऐवजी सुरण घालते. सुरण घशाला खाजतो आणि खाज घालवायला आपण त्याला चिंच किंवा आमसूल लावतोच. विंदालूत ते काम व्हिनेगरही करते. साल जाड काढून चौकोनी फोडी चिंचेच्या पाण्यात अर्धा तास ठेवायच्या, निथळून तेलात कडेने लालसर होईपर्यंत परतायच्या, मग काश्मिरी मिरची, लसूण, जिरे, मिरी, दालचिनी आणि हळद माडीच्या व्हिनेगरमध्ये वाटून परतलेल्या कांद्यावर घालायची आणि त्यात फोडी मुरवायच्या. हे विंदालू 23 तारखेला करून फ्रिजमध्ये ठेवले, तर 25 तारखेला त्याची चव खरी उतरते. सॉरपोटेल म्हणजे डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा; सोया चंक्स घालून त्याची नक्कलही मी एकदा करून पाहिली. ते ना धड सॉरपोटेल झाले ना धड भाजी. मांसाची नक्कल करण्यापेक्षा सुरणाला सुरणच राहू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विंदालूबरोबर फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोल पाव, हवेतच. जुन्या पद्धतीत त्यात अंडे पडते, पण पीठ फुगवण्याचे मूळ काम अंड्याचे नाही. पूर्वी ते ताडी करायची आणि आता यीस्ट करते. अर्धा किलो मैदा, एका नारळाचे दाट दूध, दोन लहान चमचे कोरडे यीस्ट, मीठ आणि चवीपुरती साखर एवढ्यावर पीठ उत्तम येते. थंडीत मात्र त्याला फुगायला वेळ जास्त द्यावा लागतो. पीठ चिकट आणि ताणले जाईल असे सैलसर असले पाहिजे. ते डाव्या मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्या फटीतून दाबले, की लिंबाएवढा गोळा वर येतो. तो ओल्या बोटांनी तोडून गरम तेलात सोडायचा. पीठ नीट आले असेल तर फुगा तेलात बहुधा आपला आपणच उलटतो. आमच्या घरी हे फुगे खाताना अंडे नसल्याचे आजवर कोणाच्या लक्षात आलेले नाही.

तिसरा पदार्थ उकडहंडी. पालघर जिल्ह्यातल्या वाडीवाडीत थंडीच्या दिवसांत ती शिजते आणि तिला धर्माची वेस नाही. कोनफळ, रताळी, सुरती पापडी, लहान वांगी, बटाटे, त्याला ओले खोबरे, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लसणाची पात यांचे वाटण. मडक्यात केळीचे पान अंथरून, तोंड बंद करून मंद आचेवर भाज्या त्यांच्याच वाफेवर शिजू द्यायच्या. हे सारे डिसेंबरात ताजे मिळते. कच्चा फणस मात्र नाताळला सहसा हाती येत नाही, म्हणून फणसाच्या बिर्याणीचा सल्ला देणाऱ्यांनी हंगामाचा विचार करावा.

गोडाची तर चिंताच नको. गोव्याचे दोदोल म्हणजे तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ. तेल सुटेपर्यंत ते घोटायला हातात बळ लागते, पण त्यात ना तूप ना दूध ना अंडे. कुलकुल म्हणजे शंखासारख्या वळलेल्या गोड तळणीच्या पदार्थाला मोहन तेलाचे घातले आणि पीठ नारळाच्या दुधात भिजवले की झाले. काट्याच्या पाठीवर त्या वळायला मुले बसतातच. नेवऱ्यांच्या, म्हणजे गोव्याकडच्या करंज्यांच्या सारणात बदल करावाच लागत नाही, फक्त तूप टाळावे. बेबिंका या गोव्याच्या थरांच्या गोड पदार्थाच्या वाटेला मात्र जाऊ नये. ते अंड्यांच्या बलकावर आणि तुपावर उभे असते आणि ती दोन काढल्यावर जे उरते, त्याला बेबिंका म्हणणे मला बरोबर वाटत नाही.

केकसाठी एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटे ठेवावी, ती बुळबुळीत होते आणि पीठ बांधून धरते. भिजवलेला सुका मेवा आणि करपवलेल्या साखरेचा पाक घातलेल्या काळसर केकला ही युक्ती चालते; हलक्या स्पंज केकला चालत नाही.

‘मटणाशिवाय कसला नाताळ?’ असे आमच्या आळीतले वडीलधारे म्हणतात. त्यांच्या ताटातले मी काही काढून घेत नाही, माझ्याही घरी त्या दिवशी मटण शिजते. एवढेच नम्रपणे सांगते, की 1966 साली कॅथलिक चर्चने उपवासाचे नियम शिथिल करण्यापूर्वी नाताळची पूर्वसंध्या ही उपवासाची आणि मांस वर्ज्य करण्याची होती. पोलंडमध्ये आजही त्या रात्रीचे मोठे जेवण परंपरेने मांसाविना होते, तर इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती नाताळाआधीचे कित्येक आठवडे मांस, दूध आणि अंडी या तिन्हींपासून दूर राहतात. तेव्हा मांसाविना शिजवणे ख्रिस्ती परंपरेला परके नाही.

आणखी एक गोष्ट मी अनुभवाने शिकले. व्हीगन पाहुण्यासाठी वेगळे ताट वाढू नये. विंदालू, फुगे, उकडहंडी आणि दोदोल सर्वांसाठीच करावे आणि टेबलाच्या मधोमध ठेवावे. गेल्या नाताळला आमच्याकडे सुरणाचे विंदालू मटणाच्या आधी संपले आणि जावयाच्या वाट्याला आले ते माझ्या सासूबाईंनी त्याच्यासाठी आठवणीने वाटीत काढून ठेवले होते म्हणून.

आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे, की यंदाच्या नाताळ पुरवणीत वसई, उत्तन, गोराई आणि गोव्यातल्या गृहिणींकडून अशा पाककृती मागवाव्यात आणि प्रत्येक कृतीखाली दूध, तूप, मध किंवा अंडे आहे की नाही हे स्पष्ट छापावे.

आपली विश्वासू,
एक वाचक, वसई